मन जड झालं की गाणं नेमकं काय करतं?

वाचता वाचता एक गोष्ट करून बघा. तळहात छातीवर ठेवा, तोंड मिटा आणि ‘म्‌ऽऽऽ’ असा हुंकार काढा. घाई करू नका, श्वास संपेपर्यंत आवाज चालू द्या. हाताला काही जाणवलं? छातीत बारीकशी थरथर होते. नाकाच्या हाडावर बोट ठेवलंत तर तिथेही तीच थरथर सापडेल. असं पाच-सहा वेळा करा आणि मग पुढे वाचा.

केलंत? तेवढ्यात तुमच्या हृदयानं तुम्हाला न विचारता एक काम केलं. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित भरभर पडतात आणि श्वास सोडतो तेव्हा किंचित सावकाश. हे दिवसभर चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. मेंदूपासून निघून मान आणि छातीतून थेट पोटापर्यंत उतरणारा एक लांबलचक मज्जातंतू आहे. त्याचं नाव व्हेगस. श्वास सोडताना हा व्हेगस हृदयाला ‘जरा दमानं’ म्हणून सांगतो. आता गाताना आपण काय करतो ते आठवा. श्वास पटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत पुरवून पुरवून सोडतो. म्हणजे व्हेगसला बोलायला भरपूर वेळ मिळतो!

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हे मोजून पाहिलं. त्यांनी अठरा वर्षांच्या काही विद्यार्थ्यांना एकत्र बसवलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके यंत्रावर टिपले. आधी सगळ्यांनी नुसता एक सूर गुणगुणला. श्वास ज्यानं त्यानं हवा तेव्हा घेतला. मग त्यांनी एक प्रार्थनागीत म्हटलं आणि शेवटी मंत्रासारखी एक संथ ओळ पुन्हा पुन्हा म्हटली, ओळीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. प्रार्थना आणि मंत्र म्हणताना एक आश्चर्य घडलं. श्वास एकाच वेळी घेतला-सोडला जात होता, त्यामुळे सगळ्यांच्या हृदयाचा वेगही जोडीनं वाढायला आणि कमी व्हायला लागला. वेगवेगळ्या घरांतली वेगवेगळी मुलं, आणि हृदयं मात्र एकाच लाटेवर. तुम्ही शाळेत एका सुरात प्रार्थना म्हणता किंवा वारीत लोक तासन्‌तास अभंग गात चालतात, तेव्हाही एकत्र गाणारे लोक एकत्र श्वास घेत असतात. हे मला फार विलक्षण वाटतं.

गाणं शरीरात इतकं खोलवर पोचत असेल, तर मन आजारी पडल्यावर ते काही मदत करू शकेल का? आज हेच शोधायचं आहे.

आधी ‘मन आजारी पडणं’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. मैत्रिणीनं अबोला धरला, क्रिकेटच्या संघात निवड झाली नाही, लाडकी मांजर गेली, की वाईट वाटतं. रडू येतं, जेवावंसं वाटत नाही. हे दुःख अगदी खरं असतं, पण काही दिवसांत ते ओसरतं. नैराश्य, म्हणजे ज्याला मोठी माणसं डिप्रेशन म्हणतात, ते वेगळं. त्यात दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास किंवा रिकामं राहतं. झोप बिघडते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, सारखी चिडचिड होते, लक्ष लागत नाही. आवडीच्या गोष्टींतली गोडी निघून जाते. हा आजार आहे. कुणाला तो झाला तर त्यात त्याचा काहीही दोष नसतो आणि ‘जरा हसत जा की’ असं सांगून तो जातही नाही.

गोडी निघून जाते हे मी मुद्दाम सांगितलं, कारण गाण्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

तबल्याच्या साथीनं चाललेलं गाणं कधी समोर बसून ऐकलंय? गायक सुरांची भरारी घेत दूर दूर जातो आणि ऐकणारे सगळे समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतात. आता येईल, आता येईल... आणि तो बरोबर समेवर येऊन पोचतो तेव्हा आपोआप माना हलतात, कुणाच्या तोंडून ‘वा!’ निघून जातं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात व्हॅलोरी सॅलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे या शास्त्रज्ञांनी माणसांना त्यांचं अत्यंत आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी त्यांचा मेंदू यंत्रातून पाहिला. २०११ साली त्यांनी जाहीर केलं, की अशा वेळी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पाझरतं. चविष्ट खाऊ मिळाल्यावर पाझरतं तेच हे रसायन. आणि ते दोन ठिकाणी पाझरतं. सर्वांत आनंदाचा क्षण येतो तेव्हा एका भागात, आणि तो क्षण येण्याच्या आधी, आपण नुसती वाट बघत असतो तेव्हा, शेजारच्या दुसऱ्याच भागात! म्हणजे समेइतकंच समेची वाट बघणंही मेंदूला गोड लागतं.

नैराश्यात मेंदूची हीच आनंद देणारी यंत्रणा मंदावते. म्हणून अशा माणसाला कधी कधी लाडकं गाणंही फिकं वाटतं. तुमच्या ओळखीचं कुणी ‘आता गाणीसुद्धा ऐकावीशी वाटत नाहीत’ असं म्हणालं, तर ते नखरे करत नाहीयेत. त्यांचा मेंदू खरंच तसं अनुभवत असतो.

मग अशा माणसाला नाचरं, आनंदी गाणं लावून दिलं तर? बहुतेक जण हेच करतात, प्रेमापोटी करतात. पण जड झालेल्या मनाला ते गाणं परकं वाटतं. सगळं घर लग्नात नाचतंय आणि आपण कोपऱ्यात एकटे, असं होऊन जातं. उलट, वाईट वाटत असताना हळवं, उदास गाणंच ऐकावंसं वाटतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. दुःखात अजून दुःख कशाला? जर्मनीत बर्लिनच्या लीला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांनी हा प्रश्न वेगवेगळ्या देशांतल्या ७७२ लोकांना विचारला. २०१४ साली प्रसिद्ध झालेली उत्तरं वाचण्यासारखी होती. उदास संगीत ऐकताना सर्वांत जास्त लोकांना वाटणारी भावना होती जुन्या आठवणींची हुरहुर. त्याच्या जोडीला शांतता आणि माया. आणि एकटं वाटतं, मन दुखावलेलं असतं, अशा वेळी अनेक जण मुद्दाम असंच संगीत निवडत होते. त्यांना त्यातून दिलासा मिळत होता.

मनाशी जुळणारं संगीत आधी, ही कल्पना उपचारातही वापरली गेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयरा आल्टशूलर नावाचे मानसोपचार डॉक्टर होते. १९४० च्या दशकात ते मनोरुग्णालयातल्या रुग्णांसाठी संगीत वापरत. त्यांनी एक साधी पद्धत बसवली. रुग्ण खिन्न असेल तर सुरुवात खिन्न, संथ संगीतानंच करायची. तो अस्वस्थ, खवळलेला असेल तर तसंच वेगवान संगीत आधी वाजवायचं. त्याचं मन आणि संगीत एकदा जुळलं, की मग हळूहळू, एकेक पायरीनं संगीत बदलत न्यायचं. रडणाऱ्या धाकट्या भावाला समजूतदार ताई काय करते? त्याला ओढत पुढे नेत नाही. आधी त्याच्या शेजारी बसते, त्याचं ऐकून घेते, मग त्याचा हात धरून त्याच्याच चालीनं चार पावलं टाकते आणि सावकाश घराकडे वळवते. आल्टशूलर संगीताकडून हेच काम करून घेत होते. आजही जगभरचे संगीतोपचारतज्ज्ञ ही पद्धत शिकतात.

हो, संगीतोपचार हे शिकून मिळवायचं कौशल्य आहे. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन, भेदरून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत वादक आणि गायक जाऊ लागले. संगीतानं त्या सैनिकांना बरं वाटतं हे डॉक्टरांनी पाहिलं, पण नुसतं छान वाजवता येणं पुरेसं नाही हेही त्यांच्या लक्षात आलं. १९४४ साली मिशिगनमधल्याच एका विद्यापीठात संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

आता चला फिनलंडला. हा सगळ्यांत सुंदर प्रयोग, म्हणून जरा निवांत सांगते.

फिनलंडमध्ये युव्हास्कुला नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात याक्को एर्किला या संगीतोपचारतज्ज्ञांनी नैराश्य असलेल्या ७९ मोठ्या माणसांना सोबत घेतलं. सगळे १८ ते ५० वयाचे. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळत होते, म्हणजे औषधं आणि समुपदेशन. त्यातल्या ३३ जणांना त्याशिवाय संगीतोपचारही दिला. आठवड्यातून दोनदा, एका वेळी एक तास, अशा एकूण वीस भेटी.

तुम्हाला वाटेल, त्यांना आरामखुर्चीत बसवून बासरी ऐकवली असेल. मुळीच नाही! खोलीत दोन माणसं असायची, एक रुग्ण आणि एक तज्ज्ञ. दोघांसमोर अगदी सारखी वाद्यं. छोट्या दांड्यांनी वाजवायचं एक सुरांचं वाद्य, एक विजेवर चालणारं तालवाद्य आणि जेम्बे नावाचा आफ्रिकी ढोल. रुग्णानं वाजवायचं. काय वाजवायचं? मनात येईल ते. वाजवता येण्याची अटच नव्हती. चूक-बरोबर असं काही नव्हतंच. राग आलाय, मग ढोल बडव. काही सुचत नाही, मग एकाच सुरावर टक टक करत राहा. समोरचा तज्ज्ञ ते ऐकायचा आणि आपल्या वाद्यावर त्याला उत्तर द्यायचा. शब्दांवाचून गप्पा! हे सगळं ध्वनिमुद्रित व्हायचं. मग दोघं मिळून ते पुन्हा ऐकायचे आणि त्यावर बोलायचे. ‘इथे तू एकदम थांबलास, तेव्हा मनात काय होतं?’ अशा गप्पांची वाट त्या वाजवण्यातून निघायची.

नैराश्यात शब्द सापडत नाहीत. ‘काय होतंय?’ असं कुणी विचारलं की ‘काही नाही’ एवढंच तोंडून येतं. हाताला मात्र ढोलावर थाप मारता येते. आत साचलेला दाब वाजवताना बाहेर पडल्यासारखं वाटलं, असं काही रुग्णांनी सांगितलंही.

तीन महिन्यांनी मोजमाप झालं. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी शंभरात २२ या प्रमाणात लोकांच्या नैराश्यात चांगला उतार पडला होता. संगीतोपचारही घेणाऱ्यांत हेच प्रमाण शंभरात ४५ होतं. दुपटीहून जास्त! त्यांची भीती आणि काळजीही कमी झाली होती. हा अभ्यास २०११ साली ब्रिटनमधल्या मानसोपचाराच्या नामवंत नियतकालिकात छापून आला.

पण विज्ञान इथे टाळ्या वाजवून थांबत नाही. संशोधकांनी सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं. तेव्हा दोन्ही गटांतला फरक इतका कमी झाला होता, की तो संगीतामुळेच आहे असं खात्रीनं म्हणता येईना. वीस भेटी संपून तोवर तीन महिने होऊन गेले होते. एर्किलांनी हे लपवलं नाही, आहे तसं लिहिलं. मला या प्रयोगाबद्दल जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी. पुढे त्यांच्याच गटानं आणखी एक प्रयोग केला. त्यात वाजवण्याआधी काही मिनिटं संथ लयीत श्वास घ्यायला लावला, आणि त्यानं फायदा वाढलेला दिसला. श्वास इथेही आलाच बघा!

म्हणून कुणी ‘अमुक राग ऐका, तमुक आजार पळून जाईल’ असं सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. राग सुंदर असतात, त्यांनी मन निवतं, पण एका रागाला एक आजार अशी जोडी लावून देणारा भक्कम पुरावा नाही. फिनलंडच्या त्या खोलीतही औषधं चालू होती, आणि समोर लक्ष देऊन ऐकणारं एक माणूस होतं.

फिनलंडच्या प्रयोगाबद्दल वाचताना मला आपल्या पणज्या-खापरपणज्या आठवल्या. त्यांच्या घरी पिठाची गिरणी नव्हती. दोन दगडांचं जातं असायचं. पहाटे, सगळं घर झोपलेलं असताना, बायका जात्याशी बसायच्या. बऱ्याचदा दोघी समोरासमोर, एकाच खुंट्याला हात घालून. जातं जड, घरघर फिरणारं, आणि त्या फिरण्याच्या लयीत ओवी म्हणायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. त्या ओव्यांमध्ये काय नसायचं? माहेरची आठवण, भावाची वाट बघणं, सासरचा जाच, मेलेलं मूल, पंढरपूरचा विठ्ठल, सीतेचा वनवास. दिवसा चारचौघांत ज्याबद्दल बोलायची सोय नव्हती, ते पहाटे जात्यापाशी गाता येत होतं.

आता जरा वैज्ञानिकाच्या नजरेनं बघा. हात एका लयीत फिरताहेत. ओळ लांब आहे, म्हणजे श्वास लांबतोय. सुरुवात दुःखाच्याच सुरात होतेय, उसनं हसू आणायची गरज नाही. आणि समोर दुसरी बाई बसली आहे, ती ऐकतेय, कधी ओवीला ओवी जोडतेय. फिनलंडच्या खोलीत जे जुळवून आणलं होतं, त्यातलं कितीतरी इथे पहाटेच्या अंधारात आपसूक जुळून आलं होतं. त्यानं त्या बायकांचे आजार बरे झाले असं मी म्हणणार नाही, ते कुणी मोजलेलं नाही. दळण हे कष्टाचंच काम होतं आणि गाण्यानं त्यांच्यावरचा अन्याय काही संपला नाही. पण मनातलं बोलायला एक जागा मिळत होती, हे त्या ओव्याच सांगतात.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत जाऊन या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्यातल्या कितीतरी ओव्या खुद्द त्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. घरच्यांना सांगून एक तरी ओवी जरूर ऐका. आणि घरात पणजी असेल तर तिला ‘तू काय म्हणायचीस?’ असं विचारा. तिचा चेहरा कसा बदलतो ते पाहा.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. गाणं ऐकणं नेहमीच चांगलं का? नाही. फिनलंडच्या सुवी सारिकाल्लिओ आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅट्रिना मॅकफेरन यांनी खास किशोरवयीन मुलामुलींसाठी १३ प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. गाणी आपल्याला सावरताहेत की आणखी खाली ओढताहेत, हे त्यावरून कळतं. तिचा रोख असा आहे: गाणं ऐकल्यावर तुम्हाला मोकळं वाटतं का, पुन्हा कामाला लागावंसं वाटतं का? की तेच गाणं विसाव्यांदा लावून तुम्ही त्याच वाईट आठवणीत गोल गोल फिरत राहता, आणि कानात इयरफोन घालून माणसांपासून लपता? उदास गाणं ऐकण्यात काही वाईट नाही. पण गाणं संपल्यावर मन जास्तच जड होत असेल, तर ते बंद करायचं आणि उठून कुणाजवळ तरी जायचं.

आवाजही बेताचा ठेवा बरं. प्रत्येक कानाच्या आत शंखाच्या आकाराच्या एका इवल्याशा नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या हलतात म्हणून आपल्याला ऐकू येतं. फार मोठ्या आवाजानं त्या मेल्या, की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

मन जड असेल त्या दिवशी आधी तुमच्या मनासारखंच एखादं गाणं लावा. मग जरा हलकं, मग आणखी जरा हलकं. अशी तीन-चार गाण्यांची स्वतःची माळ आधीच करून ठेवलीत तर उत्तमच. जमलं तर ऐकता ऐकता गा, मोठ्यानं गा. आवाज बेसूर असला तरी व्हेगसला त्यानं काही फरक पडत नाही. घरात डबा असेल तर तो वाजवा. आणि एकट्यानं गाण्यापेक्षा आजीबरोबर, मित्रांबरोबर गाता आलं तर ते नक्की करा.

आणि उदासी दोन आठवडे हटलीच नाही, लाडकी गाणीही नकोशी झाली, किंवा ‘आपण नसतोच तर बरं’ असा विचार मनात आला, तर त्या क्षणी गाण्यावर विसंबू नका. आई, बाबा, आजी, ताई, वर्गशिक्षिका, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला लगेच सांगा. त्यांनी पटकन मनावर घेतलं नाही तर दुसऱ्या माणसाला सांगा. मैत्रिणीच्या बाबतीत असं दिसलं तर तिचं गुपित म्हणून पोटात ठेवू नका. भारत सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो.